चहा, सोन्याचे पत्रे आणि वाळीत टाकलेली माणसं

"अरे, म्हणजे ते चार-चार बायका करणारे लोक ना?"

मागच्या सुट्टीत पुण्याला गेलो होतो. गप्पांच्या ओघात माझ्या एका मॉर्मन सहकाऱ्याचा विषय निघाला आणि काकांनी हा पहिला प्रश्न टाकला. दुसरा प्रश्न काकूंचा. "इतका शिकलेला माणूस असलं काही मानतो तरी कसा?" मग मावसभावाने मोबाईलवर पाहिलेली माहिती सांगितली. कुणीतरी देवदूत येतो, टेकडीत पुरलेले सोन्याचे पत्रे दाखवतो, एक मुलगा टोपीत दगड ठेवून त्यात तोंड खुपसतो आणि आख्खा धर्मग्रंथ सांगतो... सगळे पोट धरधरून हसले. मीही हसलो.

परतीच्या विमानात मात्र स्वतःचाच राग आला. ज्या माणसाबरोबर मी आठ वर्षं एका लॅबमध्ये काम करतोय आणि ज्याच्याइतका प्रामाणिक माणूस मी फारसा पाहिलेला नाही, त्याला मी एका विनोदात काढून टाकलं होतं.

तेव्हा आधीच सांगतो. हा लेख त्या हसण्याविरुद्ध आहे आणि मॉर्मन चर्चविरुद्धही आहे. दोन्ही एकदम कसं जमणार म्हणता? बघू या.

आधी थोडी ओळख. 'मॉर्मन' हे लोकांनी दिलेलं नाव, त्यांचं स्वतःचं नाव लांबलचक आहे: येशू ख्रिस्ताचं उत्तरकालीन संतांचं चर्च. जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात ते स्थापन केलं. शेजाऱ्यांशी पटेना. मिझुरीच्या गव्हर्नराने १८३८ साली या लोकांना राज्यातून हाकला नाहीतर संपवा, असा लेखी हुकूम काढला (तो रीतसर मागे घेतला १९७६ साली!). १८४४ मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथला गोळ्या घातल्या. त्यानंतर ब्रिगहॅम यंगच्या मागे ही मंडळी बैलगाड्यांनी वाळवंट तुडवत जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली. आज जगभरात त्यांचे पावणेदोन कोटींच्या आसपास सभासद आहेत. २०१८ साली बंगळूरला मंदिर बांधायची घोषणाही झाली आहे. म्हणजे आता हा विषय अगदीच 'तिकडचा' राहिलेला नाही.

आता हसण्याबद्दल.

सोन्याचे पत्रे आपल्याला हास्यास्पद वाटतात याचं खरं कारण एकच आहे. ते फार अलीकडचे आहेत. १८२७ साली हा माणूस म्हणतो पत्रे मिळाले, १८३० साली पुस्तक छापून बाजारात येतं. तोवर छापखाने होते, वर्तमानपत्रं होती, कोर्टकचेऱ्या होत्या. प्रत्येक गोष्टीचा कागद आहे. ज्या धर्मांचा जन्म कागदाच्याही आधीचा, त्यांना ही अडचण नाही. चमत्कार जुना असला की आपण त्याला पुराण म्हणतो, नवा असला की थाप म्हणतो. काकांच्या देवघरात जे आहे, त्याला हाच कागदपत्रांचा न्याय लावला तर? मी लावून दाखवायचा प्रयत्न केला नाही. जेवायचं होतं.

पण म्हणून मॉर्मन दाव्यांना सूट द्यायची का? अजिबात नाही. माझा पेशाच मोजमापाचा आहे. बुक ऑफ मॉर्मन म्हणतं की ख्रिस्तापूर्वी जेरुसलेमहून काही कुटुंबं जहाजाने अमेरिकेत आली आणि त्यांच्यापासून मोठी राष्ट्रं झाली. त्यात घोडे आहेत, रथ आहेत, पोलाद आहे. त्या काळच्या अमेरिकेत यातलं काही असल्याचा पुरावा नाही. घोडा तिथे पुन्हा आला तो स्पॅनिश लोकांबरोबर. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा डीएनए आशियाकडे बोट दाखवतो, जेरुसलेमकडे नाही. हे इतकं उघड झालं की पुस्तकाच्या प्रस्तावनेत आधी 'हे लोक मूळ रहिवाशांचे प्रमुख पूर्वज' असं जे होतं, ते २००७ च्या सुमारास बदलून 'पूर्वजांपैकी' असं झालं. एका शब्दाची माघार, पण माघारच! दुसरं उदाहरण. १८३५ साली जोसेफ स्मिथने इजिप्तचे काही पपायरस विकत घेतले आणि त्यातून अब्राहमच्या हातचा ग्रंथ मिळाला असं जाहीर केलं. त्याचे तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये सापडले आणि १९६७ मध्ये चर्चला परत मिळाले. तज्ज्ञांनी वाचले. मृताबरोबर ठेवायचा नेहमीचा इजिप्शियन मजकूर निघाला, अब्राहमचा त्यात पत्ता नाही. हे आता चर्चही आपल्या लेखात मान्य करतं.

म्हणजे दावा तपासला आणि तो टिकला नाही. पण दावा तपासणं वेगळं आणि माणसाला हसणं वेगळं. आणखी एक गंमत सांगतो. १८७९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॉर्मनांच्या बहुपत्नीत्वाविरुद्ध जो प्रसिद्ध निकाल दिला (रेनॉल्ड्स खटला), त्यात न्यायमूर्तींनी लिहिलं की ही चाल मुख्यतः आशियाई आणि आफ्रिकी लोकांची आहे. आणि धर्माच्या नावाखाली काय काय खपवून घेता येणार नाही, याचं उदाहरण म्हणून कोणतं दिलं? नवऱ्याच्या चितेवर जळणाऱ्या बाईचं! म्हणजे त्या कोर्टात मॉर्मनांना शिवी म्हणून जे दिलं गेलं, ते आपण होतो. हसताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

आता माणसं. माझ्या सहकाऱ्याने एकोणिसाव्या वर्षी, कॉलेज मधेच सोडून, दोन वर्षं धर्मप्रसारासाठी दिली. पांढरा शर्ट, काळी नावाची पट्टी, सायकल आणि तोंडावर आपटणारी दारं. खर्च घरचा. तो चहा, कॉफी, दारू, तंबाखू घेत नाही. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी घरातले सगळे दोन वेळचं जेवण सोडतात आणि त्याचे पैसे गरजूंसाठी देतात. आपल्याकडे एकादशीला दुप्पट खातात, त्यातला हा प्रकार नव्हे. त्यांच्यात स्थानिक पातळीवर पगारी पुरोहित नाहीत. बिशप म्हणजे कुणी सुतार, कुणी दातांचा डॉक्टर, नोकरीधंदा सांभाळून चार-पाच वर्षं ते काम करतो. हाही करून बसलाय. दिवसभर आमच्याबरोबर लॅबमध्ये मोजमापांशी झगडायचं आणि संध्याकाळी कुणाची नोकरी गेली, कुणाचं लग्न मोडतंय, कुणाच्या घरात किराणा नाही, ते बघायचं. एक पैसा न घेता.

सप्टेंबर २०२५ मध्ये मिशिगन राज्यात एका मॉर्मन प्रार्थनागृहावर हल्ला झाला. गोळीबार, आग, चार उपासक मेले, हल्लेखोरही पोलिसांच्या गोळीने मेला. त्यानंतर मॉर्मन लोकांनीच पुढाकार घेऊन हल्लेखोराच्या बायकोमुलासाठी लाखो डॉलर जमा केले. त्या आठवड्यात मी त्याला विचारलं, "तू पण दिलेस का?" त्याने विषय बदलला. म्हणजे दिले असणार.

असा समाज घडवणारं चर्च वाईट कसं म्हणायचं? इथेच माझं त्या चर्चशी भांडण सुरू होतं.

मॉर्मन सभेत महिन्यातून एकदा कुणीही उठून साक्ष देतो. त्या साक्षीचं ठरलेलं क्रियापद आहे: 'मला माहीत आहे'. मला माहीत आहे की हे चर्च सत्य आहे, मला माहीत आहे की जोसेफ स्मिथ प्रेषित होता. चार-पाच वर्षांची पोरंसुद्धा, आईने कानात सांगितलेलं, माइकवर हेच म्हणतात. मी एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो. तासाभरात ते 'माहीत आहे' किती वेळा ऐकलं ते मोजायला लागलो आणि मग मोजणं सोडून दिलं.

मंडळी, 'माहीत आहे' हा शब्द इतका स्वस्त नाही हो! आमच्या धंद्यात एखादा आकडा 'माहीत आहे' म्हणायचा तर तो कसा मोजला, चूक किती असू शकते आणि दुसऱ्याने मोजला तर तोच येईल का, एवढं सांगावं लागतं. श्रद्धेला हे नियम लावू नका म्हणता? मान्य. पण मग शब्दही श्रद्धेचाच वापरा ना! 'माझा विश्वास आहे' म्हणा. विश्वास असलेला माणूस दुसऱ्याला शंका घ्यायला जागा ठेवतो. 'माहीत आहे' म्हणणाऱ्यांच्या सभेत शंका असलेला माणूस आपोआप अडाणी तरी ठरतो किंवा पापी तरी.

माझा सहकारी त्या दिवशी उठला आणि एवढंच म्हणाला, "मला आशा आहे." तीन-चार वाक्यं बोलून बसला. परत येताना गाडीत मी विचारलं, तेव्हा म्हणाला, "गेली सहा वर्षं मी 'माहीत आहे' म्हटलेलं नाही. अजून कुणी विचारलं नाही. ज्यांच्या लक्षात आलंय ते मला नंतर कोपऱ्यात गाठतात आणि सांगतात, मलाही फक्त आशाच आहे."

कोपऱ्यात! माझा सगळा राग या कोपऱ्यावर आहे.

आता इतिहासातली तीन माणसं सांगतो. तिघंही घरातलीच, बाहेरचं कुणी नाही.

पहिली, ज्युआनिटा ब्रूक्स. युटाच्या दक्षिण टोकाला राहणारी शिक्षिका, लेकुरवाळी, पक्की मॉर्मन. ११ सप्टेंबर १८५७ रोजी त्या भागात माउंटन मेडोज नावाच्या कुरणात आर्कान्सासहून कॅलिफोर्नियाला निघालेल्या तांड्यातले सुमारे १२० लोक कापले गेले. बायका, मुलं धरून. फक्त अगदी लहान १७ मुलं वाचली. पांढरं निशाण दाखवून, सुरक्षित नेतो असं सांगून, हत्यारं खाली ठेवायला लावून मग मारलं. मारणारे स्थानिक मॉर्मन मिलिशियाचे लोक होते, बरोबर काही पायूट इंडियन. पुढे कितीतरी वर्षं सगळा दोष इंडियनांवर ढकलण्यात आला. आणि १८७७ मध्ये जॉन ली या एकाच माणसाला त्याच जागी नेऊन गोळ्या घातल्या. बाकीचे म्हातारे होऊन अंथरुणात मेले. त्यातल्याच एका म्हाताऱ्याला तरुण ज्युआनिटाला काहीतरी सांगून लिहून घ्यायचं होतं. ते राहून गेलं. ती पोचली तेव्हा तो शेवटच्या घटका मोजत होता आणि रक्त, रक्त असं बरळत होता. तिने पुढे अनेक वर्षं कागद जमवले. शेजारीण आली की टाइपरायटरवर इस्त्रीचे कपडे टाकून तो लपवायचा आणि इस्त्री करत बसायचं, असा तिचा शिरस्ता. १९५० मध्ये पुस्तक आलं. चर्चने तिला काढलं नाही, पण गावाने आणि वरिष्ठांनी जो गारठा दाखवायचा तो दाखवला. ती शेवटपर्यंत चर्चमध्ये राहिली. २००७ साली, घटनेला दीडशे वर्षं झाली तेव्हा, चर्चच्या एका वरिष्ठ नेत्याने त्याच जागी उभं राहून खेद व्यक्त केला. तिच्या पुस्तकानंतर ५७ वर्षांनी.

दुसरा, लेस्टर बुश. पेशाने डॉक्टर. मॉर्मन चर्चमध्ये पुरोहितपद म्हणजे साधारण बारा वर्षांच्या पुढच्या प्रत्येक मुलाला मिळणारी गोष्ट. पण १९७८ पर्यंत ते काळ्या माणसांना मिळत नसे, आणि काळ्या स्त्री-पुरुषांना मंदिरातले विधीही बंद होते. ही देवाची आज्ञा, अगदी पहिल्यापासूनची, असं शिकवलं जाई. बुशने कागद तपासले आणि १९७३ मध्ये 'डायलॉग' या मॉर्मन विचारवंतांच्या नियतकालिकात दाखवून दिलं की असा नियम जोसेफ स्मिथने केल्याचा पुरावाच नाही. उलट त्याच्या काळात काळ्या पुरुषांना हे पद मिळालेलं होतं. बंदी आली ती ब्रिगहॅम यंगच्या काळात. पाच वर्षांनी, जून १९७८ मध्ये, बंदी उठली. तिचा उगम कसा झाला याबद्दल चर्चने स्वतः स्पष्ट लेख लिहिला डिसेंबर २०१३ मध्ये. बुशनंतर ४० वर्षांनी.

तिसरा, मायकेल क्विन. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातला इतिहासाचा प्राध्यापक. १८९० साली चर्चने बहुपत्नीत्व बंद केल्याचं जाहीर केलं. क्विनने १९८५ मध्ये दाखवलं की त्यानंतरही काही नेत्यांच्या संमतीने अशी लग्नं लागत होती. त्याला विद्यापीठ सोडावं लागलं आणि सप्टेंबर १९९३ मध्ये चर्चमधून काढण्यात आलं. २०१४ मध्ये चर्चने आपल्या लेखात मान्य केलं की हो, १८९० नंतरही काही लग्नं लागली होती. क्विन २०२१ मध्ये वारला. तोवर त्याला कुणी परत बोलावलं नव्हतं.

त्या १९९३ च्या सप्टेंबरमध्ये सहा जणांवर एकाच महिन्यात कारवाई झाली. पाच जणांना काढलं, एकीचे हक्क काढून घेतले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात एका वरिष्ठ नेत्याने चर्चपुढचे धोके सांगितले होते. स्त्रीवादी, समलिंगी चळवळ आणि तथाकथित विद्वान. याच नेत्याने १९८१ मध्ये धर्मशिक्षकांना बजावलं होतं की खऱ्या असलेल्या सगळ्याच गोष्टी उपयोगाच्या असतात असं नाही.

त्या सहांमधल्या एकीचं मला विशेष वाटतं. लव्हिना फिल्डिंग अँडरसन, संपादिका. चर्चमध्ये प्रश्न विचारणाऱ्यांना कसं वागवलं जातं याची तिने तारीखवार नोंद छापली, म्हणून तिला काढलं. काढल्यावर तिने काय करावं? ती पुढची तीस वर्षं त्याच प्रार्थनागृहात जात राहिली. पावाचा तुकडा आणि पाण्याचा पेला घेऊन तबक रांगेतून फिरतं, ते तिच्यापुढून कोरडं जायचं. २०१९ मध्ये स्थानिक लोक तिला परत घ्यायला तयार झाले, पण वरून नकार आला. २०२३ मध्ये ती गेली.

लॅबमध्ये नवा मुलगा आला की मी त्याला एक गोष्ट पहिल्यांदा सांगतो. अलार्म वाजला तर आधी यंत्र बघ, अलार्मची वायर कापू नकोस. वायर कापली की शांतता होते, यंत्र दुरुस्त होत नाही. ब्रूक्स, बुश, क्विन हे त्या चर्चचे अलार्म होते. तिघांनीही जे सांगितलं ते खरं निघालं, आणि तिघांचंही म्हणणं चर्चने शेवटी आपल्याच तोंडाने म्हटलं. फक्त मधली तीस, चाळीस, सत्तावन्न वर्षं वाया गेली, आणि त्या वर्षांत जगलेली माणसं गेली. १९७७ साली मेलेल्या काळ्या मॉर्मनाला १९७८ चा काय उपयोग?

सगळ्यात मोठा विरोधाभास पुढेच आहे. हे चर्च सुरू कशाने झालं? त्यांच्याच कथेप्रमाणे १८२० साली चौदा वर्षांचा एक खेडवळ मुलगा रानात गेला आणि देवाला विचारलं, एवढे पंथ आहेत, त्यातला खरा कोणता? म्हणजे वडीलधाऱ्यांनी सांगितलं ते न मानता स्वतः जाऊन विचारणाऱ्या मुलाचं हे चर्च आहे. आणि ते विचारणाऱ्यांनाच बाहेर काढतं! जोसेफ स्मिथ आज चौदा वर्षांचा असता तर त्यालाही कुणीतरी कोपऱ्यात गाठून सांगितलं असतं, बाळ, हे प्रश्न सभेत नको.

राजकारणातही हीच दोन तोंडं दिसतात. युटातल्या बायकांना मताचा हक्क १८७० मध्येच मिळाला (तो १८८७ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने काढून घेतला). १८९६ मध्ये अमेरिकेतली पहिली स्त्री राज्य-सिनेटर निवडून आली ती युटातच. मार्था ह्यूज कॅनन, डॉक्टर, बहुपत्नीक नवऱ्याची बायको, आणि त्या निवडणुकीत विरुद्ध पक्षातर्फे उभा होता तिचा नवराच. तो पडला, ती आली! त्याच चर्चने १९७० च्या दशकात स्त्री-पुरुष समानतेच्या घटनादुरुस्तीला कडवा विरोध केला आणि तिच्या बाजूने बोलणाऱ्या सोनिया जॉन्सनला डिसेंबर १९७९ मध्ये काढलं. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाह बंद करण्याच्या प्रस्तावासाठी सभासदांनी वेळ आणि पैसा द्यावा असं पत्र सभांमधून वाचून दाखवण्यात आलं. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये समलिंगी जोडप्याबरोबर राहणाऱ्या मुलांना बाप्तिस्मा नाही, असा नियम आला. एप्रिल २०१९ मध्ये तो गेला. साडेतीन वर्षांत देवाचं मत बदललं की माणसांचं, हे विचारायची सोय नव्हती. पुढे २०२२ मध्ये समलिंगी विवाहांना संरक्षण देणाऱ्या केंद्रीय कायद्याला, धार्मिक संस्थांना त्यात सूट असल्यामुळे, याच चर्चने पाठिंबा दिला.

आणि पैशाचं? सभासदांनी पोटाला चिमटा काढून दिलेल्या दशांशातून साठलेल्या निधीची गुंतवणूक १३ वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांआड लपवली, म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकी शेअर बाजार नियंत्रकांनी चर्च आणि त्याच्या गुंतवणूक संस्थेला मिळून ५० लाख डॉलर दंड केला. लपवायचं कारण? निधीचा आकार कळला तर बोलणं होईल. म्हणजे इथेही तेच. अलार्म वाजू नये याचीच सोय.

पण त्याच तालमीतून दुसरी माणसंही निघतात. फेब्रुवारी २०२० मध्ये मिट रॉम्नीने स्वतःच्या पक्षाच्या अध्यक्षाला दोषी ठरवण्याच्या बाजूने मत दिलं. अमेरिकेच्या इतिहासात असं करणारा तो पहिला सिनेटर. देवासमोर शपथ घेतली आहे, असं सांगताना त्याचा आवाज अडकला. ॲरिझोनाच्या विधानसभेचे सभापती रस्टी बावर्स यांनी २०२० चा निकाल फिरवायला नकार दिला आणि २०२२ मध्ये स्वतःच्याच पक्षाच्या मतदारांनी त्यांना घरी बसवलं. दोघंही पक्के मॉर्मन, दोघंही पक्के रिपब्लिकन. त्यांनी नेत्याला नाही म्हणायचं धाडस आणलं कुठून? माझा सहकारी म्हणतो, चर्चमधूनच. लहानपणापासून शिकवलेलं असतं की प्रत्येकाला स्वतःचं उत्तर देवाकडून थेट मिळू शकतं. मी म्हणतो, मग ते उत्तर चर्चच्या विरुद्ध आलं तर? तो म्हणतो, "त्याच प्रश्नात मी राहतो."

पूर्वी मी त्याला स्पष्ट सांगायचो, "मग सोड ना ते चर्च! संस्था त्यांची, नियम त्यांचे, पटत नसेल तर दार उघडं आहे." मोठा तर्कशुद्ध मुद्दा वाटायचा मला. आज तो मला पोरकट वाटतो. त्याचे पाच पिढ्यांचे पूर्वज त्या वाटेवर चालत आले. त्याची आई त्या समाजाने जगवली. ती आजारी होती तेव्हा दोन महिने रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून जेवण यायचं. तो मला म्हणाला, "घरात गळतंय असं सांगणाऱ्याला तू घर बदल म्हणतोस. आणि जे गळत नाही म्हणतात, ते मात्र घरात राहणार."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक मात्र मी अजूनही त्याला ऐकवतो. तू आत राहतोस, दशांश देतोस, म्हणजे ज्या गोष्टी तुला चुकीच्या वाटतात त्यांनाही तुझं बळ मिळतं. त्याला हे टोचतं. तो नाकारत नाही. आमचं भांडण इथे येऊन थांबतं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा सुरू होतं. पण आत राहायचं की बाहेर पडायचं हे त्याने ठरवावं. त्याला काढायचा हक्क प्रश्न विचारल्याबद्दल कुणाला नसावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता तुम्ही म्हणाल, या अमेरिकन भानगडीशी आमचा काय संबंध? चहाचा आहे! ज्या १८९० साली मॉर्मन चर्चने बहुपत्नीत्व सोडल्याचं जाहीर केलं, त्याच साली पुण्यात पंच हौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून पुढे रानडे, टिळक आदी मंडळींवर ग्रामण्य चाललं. तिकडे चहा पिणं धर्मात बसत नाही, इकडे मिशनऱ्याचा चहा पिणं धर्मात बसत नव्हतं. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारक मित्रांचे बोल खाल्ले. त्यांना समाजात राहूनच समाज बदलायचा होता. आपण आज रानड्यांचे पुतळे उभारतो. आणि जातपंचायतींनी माणसं वाळीत टाकू नयेत म्हणून महाराष्ट्राला कायदा करावा लागला तो २०१६ साली. १८९० नंतर १२६ वर्षांनी. आपला हिशेब त्यांच्यापेक्षा फार चांगला आहे असं मला तरी वाटत नाही.

मॉर्मन चर्चने २०२० मध्ये 'बहिष्कार' हा शब्द आपल्या नियमपुस्तकातून काढला. आता त्याला सभासदत्व मागे घेणं म्हणतात. शब्द मऊ झाला, पण लव्हिनापुढून ते तबक त्यानंतरही कोरडंच जात राहिलं. आता ऑक्टोबर २०२५ पासून डॅलिन ओक्स हे चर्चचे अध्यक्ष आहेत. स्वतः कायद्याचे पंडित आहेत, युटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. साक्षीपुराव्याचं महत्त्व त्यांना मी सांगायला नको. क्विन आणि लव्हिना यांची नावं मरणोत्तर का होईना, परत पटावर घेणं त्यांच्या हातात आहे. मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा करणाऱ्या चर्चला हे अवघड जायला नको. जॉन लीसारख्या माणसाचं सभासदत्व त्यांनी १९६१ मध्ये मरणोत्तर परत दिलंच की. कत्तलीत हात असलेल्याला क्षमा होऊ शकते, तर कागद वाचणाऱ्यांना का नाही?

माझा सहकारी येत्या शनिवारी सहकुटुंब आमच्याकडे जेवायला येतोय. चहा चालत नाही, म्हणून बायकोने कोकम सरबत करायचं ठरवलंय. आणि काकांना मी फोनवर एकच प्रश्न विचारणार आहे. आपल्या घरात असं कोपऱ्यात गाठून गप्प बसवलेलं माणूस कोण होतं? मला एक आत्या आठवते. तुम्हाला कोण आठवतं, ते तुम्ही बघा.